वीस हात दोर

ऐका, दात पडलेल्यांनो आणि दात अजून न आलेल्यांनो. फार फार वर्षांमागं एका माळावर एक विहीर खणणारा राहत होता. माणूस असा उंच, की बसला तरी उभा वाटायचा. बायको बुटकी. पण दोर वळावा तर तिनंच.

"तुझा हात म्हणजे कोंबडीची तंगडी," तो चिडवायचा.

"त्याच तंगडीच्या भाकरी खाऊन ताड झालात," ती म्हणायची, आणि दोघं हसायची.

एका संध्याकाळी तो नव्या विहिरीतून, भिंतीतल्या खाचांत पाय देत वर आला. "दोर पार झिजलाय गं. उद्या कातळ फोडायचाय, काही झालं तर वर यायला नवा वळून ठेव. तळापर्यंत वीस हात."

एवढं सांगितलं आणि घोरायला लागला.

तिनं अंबाडीचा दोर वळला. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात, असे वीस मोजले. फिरून मोजले. गाठीपुरता दोर वर वेगळा धरला, एवढी ती हुशार.

सकाळी तो खाली उतरला. तिनं दोराचं एक टोक काठच्या खांबाला बांधलं आणि वेटोळं मांडीवर घेऊन बसली. वाटेनं जाणारी एक म्हातारी थांबली.

"पोरी, दगड बांधून एकदा सोडून बघ की. तळाला पोचतो का ते कळंल."

"दोनदा मोजलाय, मावशी," ती हसली. "दगडाला कशाला त्रास?"

दुपारी कातळ फुटला. झरा लागला, अन् त्या ओलीनं बाजूची माती सुटली. खाचाही मातीबरोबर गेल्या.

"दोर टाक," खालून आवाज आला.

दोर गेला, गेला, आणि मधेच लोंबकळत राहिला. तो मांडीपर्यंत चिखलात रुतलेला. त्यानं हात वर केले. एवढे लांब हात, तरी दोराचं टोक वीतभर वरच.

त्यानं वर बघितलं.

"तुझ्या हातानं मोजलास होय गं?" तो म्हणाला. रोज चिडवायचा तसंच म्हणाला.

मग उरलेली माती आली.

गावानं त्याला बाहेर काढलं तेव्हा बाया रडत होत्या. ती रडली नाही. तिनं त्याचा हात उचलून काठच्या दगडावर ठेवला, कोपर दगडाच्या कडेला, आणि बोटं संपली तिथं छिन्नीनं रेघ मारली. मग शेजारी आपला हात ठेवून बघितला. तेव्हा रडली.

त्या मुलखात पुढं सगळे त्याच दगडावर दोर मोजायला लागले, ताड असो की बुटका. आणि माणसाआधी दगड खाली सोडायला लागले. विहिरीचं पाणी गोड निघालं म्हणतात. तिनं कधी चाखलं नाही.

तेव्हा लहानथोरांनो, एवढंच ध्यानात धरा: माप सगळ्यांचं एकच असावं, आणि कितीही मोजलेलं असलं तरी दोराला जीव टांगायच्या आधी एकदा दगड टांगून बघावा.