टिटवीचा मोडका पंख

आकाशाला हद्दी नुकत्याच पडल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. ससाण्याच्या धाडींना कंटाळून मुलखामुलखांतल्या पाखरांनी एका तळ्यावर संयुक्त युद्धसराव भरवला. यजमानीण होती टिटवी. तिची पिल्लं तिथेच काठावरच्या खड्यांत होती.

"प्रत्येकाने आपला खास डाव दाखवायचा, म्हणजे वेळेला एकमेकांना साथ देता येईल," सेनापती करकोचा म्हणाला.

टिटवीचा डाव म्हणजे पंख मोडल्याचं सोंग. शत्रू तिच्यामागे लागला की बाकीच्यांनी त्याला मागून गाठायचं. पण आजचे हे दोस्त उद्या कसे वागतील कोण जाणे, म्हणून तिने नुसत्या घिरट्या घातल्या. इतरांनीही तेच केलं. मग सगळ्यांनी एकमेकांच्या घिरट्यांची तोंडभरून तारीफ केली. समोरच्या बाभळीवरून ससाणाही बघत होता.

समारोपाच्या दिवशी तो खरोखरच पिल्लांवर झेपावला. टिटवी पंख ओढत लंगडू लागली.

"अरेरे, टिटवीबाई कामी आल्या!" करकोचा ओरडला आणि सगळी फौज भुर्रकन उडाली.

ससाण्याने मात्र तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खड्यांकडे चालत तो म्हणाला, "पुरे हो, बाई. हे सोंग आम्हाला आजोबांपासून पाठ आहे. दोस्तांना सांगितलं नव्हतंत वाटतं?"

टिटवीने जिवाच्या आकांताने हाका मारल्या. वर, खूप उंचावर, फौज तिला अखेरची सलामी देत चालली होती. सबंध सरावात पहिल्यांदाच त्यांची रांग जराही चुकली नव्हती.