ओल्या गालावरची पावडर

देवळासमोर गॅसबत्त्यांच्या उजेडात दशावतार रंगायचे, त्या काळची ही गोष्ट. सगुण राणीचं काम करी. त्याच्या रंगपेटीतल्या पफला मोठा गर्व होता, की कितीही घाम येवो, आपण बसवलेली पावडर हलत नाही.

त्या दिवशी मात्र ती ठरेना. पफ थापत होता आणि डोळ्यांखालून ओघळ येत होते. प्रवेश जवळ आला होता. राणी अशीच बाहेर गेली तर लोक हसणार, सगुणची लाज जाणार.

"तुझ्या तेलामुळे होतंय हे!" पफ खोबरेलाच्या बाटलीवर खेकसला.

"रोजचंच तेल आहे, बाबा. उगाच माझ्या नावाने खडे फोडू नकोस."

"मग हवा दमट असेल."

"दमट हवेने कपाळ कोरडं कसं ठेवलं?"

पफ गोंधळला. तेवढ्यात राजाचा मुकुट कुणा नव्याच माणसाने उचलून डोक्यावर चढवला. तो मुकुट सगुणचा भाऊ म्हादू घालायचा. म्हादू पावसाळ्यात वारला होता. सगुणचे गाल पुन्हा भिजले. पफने घाईने आणखी पावडर थापली, तिचा चिखल झाला.

"ओल्यावर काय थापतोस?" सगुणच्या खांद्यावरचा पंचा म्हणाला. "आधी वाहून जाऊ दे. मग मी टिपतो, मग तू ये."

"आणि प्रवेश?"

"बाहेर पेटी वाजवणारा गाणं लांबवेल. म्हादू त्याचाही होता."

पफ थांबला. बाहेर गाणं लांबत गेलं. मग पंच्याने गाल टिपले आणि पफ हलकेच टेकला.

रंग शेवटपर्यंत टिकला. हवा तर तितकीच दमट होती. मग बदललं काय, हे पफला काही उमगलं नाही.