ठिपक्यांच्या पावट्याचं बी

पत्ता लिहून घ्यायची रीत पडण्याआधीची ही गोष्ट. तेव्हा माणसं वाट विचारत विचारतच जात. त्या काळी एका गावाबाहेर, कातळाच्या टेकडीवर, बी राखणारी एक बाई एकटी राहत होती.

तिचे वडीलही बी राखत, पण त्यांचं घर गावात होतं. ते गेले, घराला वाळवी लागली, आणि हिने टेकडीवर नवं घर बांधलं. बाईच्या हातात कला मोठी! भिंतींवर वेली आणि पाखरं अशी काढली, की दार कुठलं नि भिंत कुठली ते कळू नये. पायऱ्या घासून घासून आरशासारख्या केल्या. आत ओळीने मडकी, सगळी एकाच घडणीची, आणि प्रत्येकावर आतल्या बियाण्याचं चित्र. मडकी मांडलेली कशी, तर रंगाला रंग शोभेल तशी. भाताशेजारी मिरची, मिरचीशेजारी वाल. कुठलं मडकं कुठे आहे ते तिचं तिलाच ठाऊक.

बी विकायचं नाही, अशी तिच्या घराण्याची रीत होती. पेरणीआधी एक मूठ न्यायची आणि सुगीला दोन मुठी आणून द्यायच्या. असं फिरत राहिलं तरच बी जिवंत राहतं. नुसतं मडक्यात पडून राहिलं की म्हातारं होतं आणि मरतं. कातळावर मातीच नव्हती, मग बाई स्वतः पेरणार कुठे? म्हणजे कोणीतरी येऊन बी नेणं भागच होतं.

सुरुवातीला गावकरी घर बघायला आले, वा वा करून गेले. मग येईनासे झाले. आणि परगावची माणसं? टेकडीखाली तीन वाटा मिळत, त्या तिठ्यावरून ती परस्पर दुसरीकडे जात.

त्या तिठ्यावर एक वाटाड्या बसायचा. जन्माचा आंधळा, पण पंचक्रोशीत काय कुठे मिळतं ते त्यालाच विचारावं. दर अमावास्येला तो काठी घेऊन घरोघर फिरे, हाताने चाचपे, कानाने ऐके आणि सगळं डोक्यात ठेवी. त्याचा नेम एकच होता. जे माझ्या हाताला लागलं, तेच मी दुसऱ्याला सांगणार.

एका अमावास्येला तो टेकडीवरही आला. पायऱ्यांवर घसरला, उठला, पुन्हा घसरला. भिंत चाचपत त्याने घराला फेरी मारली, पण दार काही सापडेना. शेवटी बाईनेच ते उघडलं.

"काय असतं हो इथे?" वाटाड्याने विचारलं.

"दिसत नाही का?" बाई बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"नाही बुवा," वाटाड्या हसला. "जन्मापासूनच नाही."

तिने त्याला आत नेलं. त्याने हात फिरवला. "हे मडकं. हेही मडकं. आणि हे... मडकंच. कुंभारकाम करता का बाई?"

"अहो, प्रत्येकावर चित्र आहे! लोक बघून थक्क होतात."

"कोण लोक?"

बाई उगाच एक मडकं सरळ करू लागली. वाटाड्या उठला. "राग मानू नका. पण मलाच काही कळलं नाही, तर मी लोकांना काय सांगू?"

राग आलाच. 'आंधळ्यासाठी का घर बांधलंय मी?' असं दिवसभर पुटपुटत तिने भांडी घासली. पुढच्या आठवड्यात मात्र डिंकाचे लाडू वळून ती तिठ्यावर गेली आणि म्हणाली, "एवढं माझं नाव सांगत जा."

वाटाड्याने लाडू खाल्ला, बोटं चाटली. "फर्मास! लाडवाच्या घराची वाट कुणी विचारली, तर तुमचंच नाव सांगेन हो."

ती डबा घेऊन परत आली.

मग दिवस गेले, सुग्या गेल्या. एकटेपण वाईट असतं हो. बाई सकाळी दोन माणसांचा चहा टाकायची, कोणी आलंच तर म्हणून, आणि दुसरा पेला दुपारी ओतून द्यायची. मडक्यांना ऊन दाखवायची, त्यांच्याशीच बोलायची. कधी कधी आपलाच आवाज ऐकून दचकायची. मुठीत बी घेतलं की ते दर वर्षी जास्त हलकं लागायचं.

एके दिवशी एक शेळी टेकडी चढून आली आणि भिंतीवरचा वेल चाटू लागली. तिच्यामागे खालून हाक आली, "अगं ए भवाने! ये खाली!"

बाई धावत पायऱ्या उतरली. पायथ्याशी एक म्हातारी गुडघे धरून बसली होती.

"वर या ना आजी. पाणी तरी घ्या."

"कशी येऊ गं? हे गुडघे, आणि या तुझ्या निसरड्या पायऱ्या. तू काय करतेस इथे?"

"बी राखते. नाचणी, राळा, वाल, ठिपक्यांचा पावटा..."

"जांभळ्या ठिपक्यांचा?" म्हातारीने तिचा हात धरला. "अगं बये! माझ्या माहेरचा वाण तो. दर पेरणीला तिठ्यावर विचारते मी. वाटाड्या म्हणतो, माझ्या हाताला अजून लागला नाही."

बाईने मडकं खाली आणलं. म्हातारीने ते डोळ्यांजवळ धरलं. "काय काढलंयस यावर? मला मेलीला सगळं धुरकट दिसतं."

मग बाई सांगू लागली. फूल कसं, शेंग केवढी, पेरायचं कधी, पाणी किती. इतकं बोलली की घसा दुखला. म्हातारीने मूठभर बी पदरात बांधलं, शेळीचा कान धरला आणि ती निघून गेली. बाई पायरीवर बसली आणि तिला रडू कोसळलं. वाटाड्या हेकट नव्हता. बिचाऱ्याने आपल्याला विचारलं होतं, आणि आपणच त्याला काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने पहार घेतली. स्वतःच्या हाताने घासलेल्या पायऱ्या फोडताना जीव तुटत होता, पण तिने फोडल्या. तिथे खडबडीत उतार केला, धरायला दोर बांधला. दाराला हाताला लागेल अशी जाड चौकट बसवली. मडकी पेरणीच्या हंगामाप्रमाणे लावली आणि प्रत्येकाच्या गळ्यात त्या त्या पिकाचंच काही बांधलं. राळ्याला कणीस, वालाला शेंग, दोडक्याला वाळलेली जाळी.

अमावास्येला तिने वाटाड्याला बोलावणं धाडलं. तो दोर धरून चढला आणि बाई काही बोलायच्या आत दारातून आत शिरला. "हा राळा. हा वाल. हा दोडका! अहो बाई, हे तर बियाण्याचं घर!" मग थांबून म्हणाला, "लोक सांगतात ती भिंतीवरची चित्रं पुसली नाहीत ना?"

"नाही."

"छान केलंत. मला सांगा तरी, काय काय आहे त्यांत."

बाईने एकेक पाखरू त्याला सांगितलं. इतक्या वर्षांत तिला हे कोणी विचारलंच नव्हतं.

त्या पेरणीला माणसं येऊ लागली. लेकुरवाळ्या आल्या, काठी टेकत म्हातारे आले, धडधाकट गडीही आले आणि उतार बरा आहे म्हणाले. जो तो हवं ते बी घेऊन बाहेर पडे, आणि परत जाताना तिठ्यावर सांगून जाई.

पावसाळ्याच्या मध्यावर म्हातारी दोर धरून वर आली. तिचा चेहरा पडला होता. "पोरी, एकही दाणा उगवला नाही गं."

बाईने मडक्यातले उरलेले दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. म्हातारी तिच्याकडेच राहिली. दोघींनी रोज फडकं उघडून पाहिलं. कोंब आलाच नाही.

"तुझा काय दोष?" म्हातारी म्हणाली.

"माझाच आहे, आजी. दर पेरणीला तुम्ही खाली मला शोधत होतात आणि मी वर तुमची वाट बघत बसले होते. मधे फक्त माझ्या पायऱ्या होत्या."

म्हातारीने तिला जवळ घेतलं. खालून कोणीतरी हाक मारली, तशी बाई डोळे पुसून उठली आणि हात द्यायला उतारावर गेली. बाकीच्या बियाण्यात अजून जीव होता, ती सगळी मडकी पुढे भरत राहिली. ठिपक्यांचा पावटा मात्र त्यानंतर कोणीच पाहिला नाही.

तात्पर्य: ज्याला दिसत नाही, चढवत नाही, त्याच्यासाठी घर सोपं केलं की वाटाड्यालाही ते सापडतं, आणि शोधणारे वेळेवर पोचतात. आजच्या वेबसाइटचंही तेच आहे. सर्च इंजिन हा डोळे नसलेलाच वाटाड्या, त्याला नुसती शोभा दाखवून भागत नाही.