राखेच्या आळ्यातली काकडी

समुद्रापासून दोन कोस आत, डोंगराच्या पायथ्याशी वेळशेत नावाचे गाव आहे. श्रीपडवीनाथ महाराज तेथे आले ते आश्विनात, पाऊस उघडता उघडता. खांद्यावर घोंगडी आणि हातात कमंडलू, बाकी संसार तो काय! महाराज कोणाच्याही घराचा उंबरठा ओलांडत नसत. जो बोलावील त्याच्या पडवीत बसत आणि मिळेल ते खात. म्हणून लोक त्यांना पडवीनाथ म्हणू लागले. मूळ नाव विचारले की महाराज हसून म्हणत, "तुम्हीच ठेवलंत ते बरं आहे की!"

गावात धाकू मांडवकर नावाचा गरीब कुणबी होता. घरात तो, त्याची बायको येसू आणि म्हातारी आई सोनाई. शेत म्हणाल तर हातभर, पण घरामागचे परसू मात्र पाहात राहावे असे! धाकूने कुदळीने खणावे, येसूने वाफे करावेत आणि सोनाईने चाचपून चाचपून बी टोचावे. सोनाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तिला उजेड आणि सावली एवढेच कळे, बाकी सारे बोटांना कळे.

परसात जे पिकेल ते भाजून महाराजांना न्यायचे, असा या घराचा नेम पडला. महाराज आले त्याच आठवड्यात आढ्याला टांगलेली शेवटची जून काकडी किसून येसूने धोंडस केले. पातेल्यात हळदीची पाने अंथरायची, त्यावर रवा, गूळ, खोबरे आणि काकडीचा कीस ओतायचा, खाली निखारे, वर झाकणावरही निखारे, आणि मग कोणी घाई करायची नाही. कार्तिकात लाल भोपळ्याचे धोंडस झाले. पौषात केळीच्या पानात रताळ्याची पानगी झाली. महाराज आवडीने खात, हातावरचा शेवटचा कणही टिपून घेत.

आता या काकडीची गोष्ट ऐका, म्हणजे पुढचे कळेल. ते बी सोनाईने माहेरून आणले होते, लग्नाच्या ओटीत बांधून. त्याला पन्नास वर्षे झाली. दरवर्षी एक काकडी वेलीवर पिकू द्यायची, तिचे बी धुऊन वाळवायचे, शेणात कालवून त्याची गोवरी चुलीमागच्या भिंतीवर थापायची आणि ओळखीसाठी वर चुन्याचे बोट ओढायचे. धुराने कीड लागत नाही. मृगात गोवरी फोडली की बी हजर! काकड्या सोनाईने गावभर वाटल्या, पण बी कोणाला दिले नाही. "घरचं बी घरात राहू दे," असे तिची आई म्हणाली होती. तेवढे तिने मुठीत धरून ठेवले होते.

वैशाखात महाराज धाकूच्या पडवीत बसले होते. ते येसूला म्हणाले, "बाळ, भाद्रपदात आम्ही पुढे निघणार. पण ऋषिपंचमीला तुमच्या काकडीचं धोंडस खाऊनच निघू."

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, हा आपल्या बायकांचा नेम. महाराजही तो पाळत. येसू हरखली. ती म्हणाली, "महाराज, कुदळीनं खणलेलं परसू हाय. रव्याला वरी हाय, ती उतारावर हातानं पेरलेली. उसाचा गूळ नको, बैल घाणा ओढतो. माडाचा गूळ घालीन."

"मग झालं तर!" महाराज म्हणाले.

ज्येष्ठ लागला. एके दिवशी धाकू आणि येसू रानात गेली होती. फणस पिकला होता. त्याचे धोंडस करून महाराजांना न्यावे, असे सोनाईच्या मनात आले. तेवढ्यात वळवाची सर आली आणि अंगणातल्या गोवऱ्या भिजून गेल्या. भिजलेल्या गोवरीचा निखारा पडत नाही, आणि निखारा नाही तर धोंडस कसले! म्हातारी भिंत चाचपू लागली. हाताला एक खडखडीत गोवरी लागली. चुन्याचे बोट धुराने केव्हाच झडले होते, म्हणून बोटांना ओळख पटली नाही. तिने ती ओढून काढली आणि चुलीत सारली.

धोंडस असे काही फुलले की वास रस्त्यापर्यंत गेला. धाकू आणि येसू घरी आली, येसूने भिंतीकडे पाहिले आणि ती चुलीकडे धावली.

"आये, भिंतीवरची गोवरी खय गेली गो?"

सोनाईने पळी टाकली. चुलीत हात घालून ती राख उपसू लागली. बोटे पोळली तरी थांबेना. "माझ्या आयशीचं बी! पन्नास वर्सं जपलं, आन् माझ्याच हातानं जाळलं!" येसूने तिला मागून घट्ट धरले. तीही रडू लागली. बी तर गेलेच, वर महाराजांना दिलेला शब्द! तो आता कसा पाळायचा?

धोंडस मात्र महाराजांसाठी केलेले होते. तेव्हा तशाच रडवेल्या चेहऱ्यांनी तिघेही ते घेऊन गेली. त्या दिवशी महाराज बाळाजीपंत खोतांच्या पडवीत होते. पंतांचे आगर म्हणजे मोठी बागायत, रहाटावर बैल, माणसे हाताखाली. आगरात जे पिकते ते गावात कोणाचे पिकत नाही, असे ते स्वतःच सांगत. दुसऱ्या कोणाला सांगायला सवडच देत नसत.

महाराजांनी घास घेतला, डोळे मिटले आणि विचारले, "आई, आज आच कशाची होती?"

सोनाईने हुंदके देत सारे सांगितले. पंत मोठ्याने हसले. "अगो सोनाई, रडतेस काय? बी भाजून खाल्लंत, त्यात काय! माझ्याकडून दुसरं ने. वितीवितीच्या काकड्यांपेक्षा हातभर काकड्या येतील."

"नको पंत," सोनाई म्हणाली. "तुमचं बी चांगलंच असंल. पन ह्ये माझ्या आयशीचं व्हतं."

महाराज म्हणाले, "आई, राख कुठे आहे?"

"चुलीपाशीच हाय, महाराज."

"ती परसात नेहमीच्या आळ्यात घाला. रोज तुमच्या हातानं एक तांब्या पाणी द्या. पाऊस असला तरी द्या. बाकी आम्ही आहोत."

पंतांना हसू आवरेना. "महाराज, राखेतून वेल आली ना, तर मी या म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवीन! सगळ्या गावादेखत!"

"ठेवाल, ठेवाल," महाराज शांतपणे म्हणाले, आणि त्यांनी दुसरा घास घेतला.

दुसऱ्या दिवसापासून सोनाईचे पाणी घालणे सुरू झाले. मृग बरसला, आषाढ कोसळला, आळ्यात गुडघाभर पाणी साचले, तरी म्हातारी इरले डोक्यावर घेऊन तांब्या ओतायला जायचीच. येणारे-जाणारे विचारीत, "काय गो सोनाये, आज किती वाढली राख?" सोनाई म्हणे, "महाराजांनी सांगितलंय." एवढेच! धाकूने शेजारच्या वाफ्यात पडवळ लावले, दोडकी लावली, ती मांडवावर चढली. मधले आळे मात्र काळेच्या काळे. श्रावण सरला तरी तिथे गवताची काडी उगवली नाही.

येसूचा धीर सुटत चालला. एकदा ती म्हणाली, "आये, पंचमीला महाराजांना काय तोंड दाखवायचं?"

सोनाई म्हणाली, "मला दिसत न्हाय गो, म्हनून बरं हाय. तुला आळं रिकामं दिसतं. मला नुसता महाराजांचा शब्द ऐकू येतो." अहाहा! काय हा विश्वास!

गणेशचतुर्थी आली. गावच्या रिवाजाप्रमाणे घरोघरचे गणपती पाहात पंत दुपारी धाकूकडे आले, बरोबर पाच-सात माणसे. आरती झाली, हातावर प्रसाद पडला. मग पंत मुद्दाम मागच्या दारी गेले. सोनाई तांब्या घेऊन आळ्यापाशीच बसली होती. पंतांनी हातातली चांदीच्या मुठीची काठी राखेत खुपसली, वीतभर आत घातली आणि गरगरा फिरवली.

"बघा रे सगळे! वर राख, खाली राख. उद्या पंचमी. महाराजांना राखेचं धोंडस घालणार की काय ही?"

माणसे हसली. धाकूने मान खाली घातली. सोनाईने काठीचा आवाज आला त्या बाजूला हात नेला, तिला वीतभर खोल खळगा लागला. उरलेले पाणी तिने त्या खळग्यात ओतले आणि हात जोडले.

पंचमीची सकाळ झाली. महाराज धाकूच्याच पडवीत येऊन बसले. पाठोपाठ पंतही आले. त्यांच्यामागे दोन गडी, आणि त्यांच्या डोक्यांवर केवढे तरी पातेले! "महाराज, आज या घरी काही मिळायचं नाही. तेव्हा माझ्या आगरातल्या काकडीचं धोंडस आणलंय. घ्यावं."

महाराजांनी पातेल्याला हात जोडले. "पंत, आजचा दिवस बैलांच्या विसाव्याचा. आगर नांगरलं कोणी? घाणा ओढला कोणी? हे आम्ही उद्या खाऊ हो."

पंतांचा चेहरा उतरला. एवढा मोठा माणूस, पण ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. चिडून ते म्हणाले, "मग आज उपाशीच राहावं लागेल, महाराज!"

तोच परसातून येसूची हाक आली. हाक कसली, किंकाळीच ती! सगळे धावले. पडवीतून बाहेरून वळसा घालून महाराजही आले.

काळ्या आळ्यातून अंगठ्याएवढ्या जाड खोडाची वेल उठली होती. पडवळाला बाजूला सारून ती मांडवावर पसरली होती, पिवळ्या फुलांनी भरली होती. आणि मांडवातून खाली एक काकडी लोंबत होती, हातभर लांब, पिकून केशरी झालेली. सोनाई तिच्यावरून दोन्ही हात फिरवत होती. "हीच गो ती! देठाशी कशी वाकडी हाय बघ. माझ्या आयशीच्या घरची!" तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

पंत वेलीकडे पाहात नव्हते. ते खाली, बुंध्याकडे पाहात होते. वेल नेमकी कालच्या खळग्यातून वर आली होती. काठी गरगर फिरवल्याची गोल खूण अजून तिच्याभोवती तशीच होती.

"पंत," महाराज म्हणाले, "बी आईनं जपलं, पाणी आईनं घातलं. बी टोचायचा खळगा मात्र तुमच्या काठीनं पाडला, टोकण तुमच्या हातची. बैल लागला नाही, नांगर लागला नाही. म्हणून आज आम्हाला चालेल."

पंतांनी काठी मांडवाला टेकवून ठेवली. टोमणा असता तर त्यांनी उलट उत्तर दिले असते. पण महाराज खरोखरच त्यांना वाटेकरी करून घेत होते, आणि तेच त्यांना सोसवेना.

येसूने बी काढून वाळत घातले आणि काकडी किसली. वरीचा रवा, माडाचा गूळ, हळदीची पाने. चुलीपाशी निखारे फुंकायला कोण बसले असेल? स्वतः बाळाजीपंत! डोळ्यांत धूर गेला म्हणून पाणी येते आहे, असे ते सांगत होते. महाराजांनी धोंडस घेतले, गावाने प्रसाद घेतला, पंतांनी आणलेले पातेले गड्यांनी दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशी ते खाऊन निघताना महाराज सोनाईपाशी थांबले. "आई, बी एकाच भिंतीवर होतं, म्हणून एका आचेत गेलं."

सोनाईला उमगले. दोन दिवसांनी बी वाळले तेव्हा तिने शेण कालवले आणि एकामागून एक गोवऱ्या थापल्या, गावात जितकी घरे तितक्या. पहिली गोवरी न्यायला पंत आले, पाठोपाठ सारे गाव आले. ज्यांनी जन्मात शेणाला बोट लावले नव्हते, त्यांनी ती ओली गोवरी दोन्ही हातांत घेतली आणि जवळच्या केळीच्या पानावर हळूच ठेवली. मग साऱ्या गावादेखत त्यांनी म्हातारीच्या पायांवर डोके ठेवले.

"असू दे, पंत, असू दे," म्हणत सोनाईने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. तिचा हात शेणाने भरला होता, ते तिला दिसले नाही. पंतांना कळले, पण ते तसेच वाकून राहिले.