शंभर दिवसांची पहिली भाकरी

फार वर्षांपूर्वी, गावच्या दप्तरात जमिनींची, बैलांची आणि पुरुषांची नावं लिहीत, पण बायकांचीही लिहावीत असं कुणाला सुचत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. म्हणून ठकूमायचं नाव कागदावर शोधायला जाऊ नका. ते हिवरओढ्याला उंबराखालच्या जात्यापाशी सापडेल.

हिवरओढा डोंगराच्या कुशीत आहे. वर गाव, खाली ओढा आणि मधे एकशेवीस खडकाळ पायऱ्या. त्या काळी गावात सुईण एकच, ठकू. निम्मं गाव तिच्या हातांवर जगात आलं होतं. पण बाळंतिणीच्या खोलीत चालणारे तिचे हात एरवी कुणाच्या ओट्यावर चालत नसत. आली की ओट्याखाली बसायचं आणि भाकरी वरून पदरात पडायची. ज्या हातांनी पहिला श्वास दिला त्या हातांचा विटाळ मानणाऱ्या माणसांना काय म्हणावं? ठकू काही म्हणत नसे. तिच्या मनात त्याहून मोठा राग होता.

राग असा, की तिला नेहमी उशिरा बोलावत. कळा सुरू झाल्या की कुणीतरी धावत यायचं, ठकू धावत जायची, आणि खाटेवर तिला दिसायची पांढऱ्या ओठांची, काडीसारख्या मनगटांची पोरगी. अंगात रक्त नाही, हाडावर मांस नाही, डोळ्यांत नुसती भीती. त्या अंगातून धडधाकट बाळ काढून दे, असं घरचे म्हणायचे. नाही निघालं की म्हणायचे, ठकूचा हात उतरला.

असं म्हणतात, ठकूला जात्याची भाषा कळायची. पहाटे घराघरातून जाती फिरू लागली की ती आपल्या दारात डोळे मिटून बसायची. दळणारीचं अंग भरलेलं असेल तर जातं एका लयीत घुमायचं. अंग रितं असेल तर चार फेरे आणि थांबा, चार फेरे आणि थांबा. अशा थांबणाऱ्या जात्यांची घरं ठकूला पाठ होती. त्यांत एक घर चौगुल्यांचं होतं.

चौगुले गावातले मानाचे. त्यांची सून साळू, वय वीस. पहिलं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसरं जन्मलं, पण रडलंच नाही. त्याला फडक्यात गुंडाळणारे हात ठकूचेच होते. आणि दुसऱ्या बाळंतपणाला चार महिने होतात न होतात तोच, दसरा झाल्यावर साळूच्या सासूनं, पुतळाबाईनं, ठकूला बोलावून घेतलं.

"ठके, पुढच्या खेपेला येळेवर ये. मागच्या खेपेला उशीर केलास."

"व्हय चौगुलीणबाई, उशीरच झाला. वरीसभर झाला. औंदा आधी येते. उद्यापासनंच येते."

"उद्या? अगं, तिच्या पोटात अजून काय न्हाई!"

"म्हणूनच येते."

ओट्यावरचे पुरुष खो खो हसले. थोरले चौगुले म्हणाले, "पोटात काय नसताना सुईण! लगीन ठरायच्या आधी वरात काढा म्हणावं!"

ठकूनं हसू ओसरू दिलं. मग म्हणाली, "चौगुले, नाचणीच्या एका वाफ्यासाठी तुम्ही पाला तोडता, शेण वाहता, राब भाजता, माती मऊ करता. बी त्याच्यानंतर टाकता. एवढं वाफ्याला करता. सुनेला काय केलंत?"

चौगुल्यांनी तोंड फिरवलं. पुतळाबाईनं मात्र साळूला ऐकू जाईल असं सांगून टाकलं. अक्षय्य तृतीयेपर्यंत काही दिसलं नाही, तर साळूच्या नवऱ्याला, शिदोजीला, दुसरी बायको आणायची. मुलगी बघून ठेवलेली आहे.

"आणा," ठकू म्हणाली. "तिलाबी असंच उपाशी ठेवा, तिचंबी असंच हुईल. मग मला बोलवू नका. मी येणार न्हाई. तीन डोंगरांत दुसरी सुईण असली तर बघा."

अशा बोलण्यावर ठकूला गावाबाहेर काढलं असतं. पण तीन डोंगरांत दुसरी सुईण खरंच नव्हती. अखेर पुतळाबाई दातओठ खात म्हणाली, "काय पायजे तुला?"

ठकूला स्वतःसाठी काहीच नको होतं. तिनं मागितले साळूसाठी शंभर दिवस. तव्यावरची पहिली गरम भाकरी साळूची, सकाळीही आणि सांजेलाही. ताटात रानातली पालेभाजी, तीळगूळ, वाटीभर ताक. ओढ्याचं पाणी शिदोजी आणील, आणि शंभर दिवस मोहाची दारू आणि तंबाखू सोडील, कारण किडकं बी चांगल्या मातीतही उगवत नाही. आणि शंभर दिवस घरातलं कुणीही त्या पोरीला वाकडा शब्द बोलणार नाही.

"आन एवढं करून पोर जगलं न्हाई तर?"

"तर मी हिवरओढा सोडते."

दुसऱ्या दिवशी शिदोजी हंडा घेऊन ओढ्यावर निघाला आणि सगळा गाव काम सोडून पायऱ्यांवर जमला. "शिदोजीराव, चुंबळ इसरला का?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "थांबा, आमच्या हिची देतो, नऊवारीबी देतो!" शिदोजी गरीब स्वभावाचा, बायकोवर जीव असलेला, पण बापापुढं तोंड नसलेला गडी. तो पायरीवर थांबला. त्यानं डोक्याचं पागोटं सोडलं, गोल गुंडाळून त्याचीच चुंबळ केली आणि हंडा डोक्यावर घेतला. साठाव्या पायरीला त्याचा श्वास फुलला. ऐंशीव्या पायरीला तो खाली बसला आणि हळूच म्हणाला, "आन ही पोटुशी असताना दिसातनं चार खेपा करायची." पायऱ्यांवरचे पुरुष एकेक करून निघून गेले.

ठकू साळूला घेऊन उंबराखाली बसली. तिनं विचारलं, "पोरी, तुला मूल हवंय का?"

साळूनं मान वर केली. लग्न होऊन पाच वर्षं झाली होती. मूल कधी होणार हे तिला सगळ्यांनी विचारलं होतं. हवंय का, हे कुणीच विचारलं नव्हतं. ती रडायला लागली. रडतरडतच म्हणाली, "मला भ्या वाटतंय, माय. ते फडकं दिसतं. आत्ता नको."

"मग आत्ता न्हाई," ठकू म्हणाली. "तू व्हय म्हणशील तेव्हा. शिदोजीला मी सांगते." आणि तिनं ते शिदोजीला सांगितलं, इतक्या स्पष्ट शब्दांत, की तो कानापर्यंत लाल झाला. पण त्यानं ते पाळलं.

रोज दुपारी दोघी उंबराखाली बसत. साळू त्या न रडलेल्या बाळाबद्दल बोलायची. ठकू फक्त ऐकायची.

चाळीस दिवस गेले. आणि एक्केचाळिसाव्या पहाटे ठकू दारात कान देऊन बसली. चौगुल्यांचं जातं अजून थांबत होतं. चार फेरे आणि थांबा.

ती तडक चौगुल्यांकडं गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी न बोलावता ओट्यावर चढली. "चौगुलीणबाई, पोरीला खायला घालत न्हाई तुम्ही!"

"देवाशपथ घालते!" पुतळाबाई कडाडली. "रोज पहिली भाकरी माझ्या हातानं वाढते. इचार तिला!"

साळूनं मान खाली घातली. मग खरं बाहेर आलं. सासू रोज ताट वाढून बाहेर जायची आणि साळू ते ताट झाकून ठेवायची. नवरा पाणी वाहून दमून येतो, सासरे शेतावरून येतात, त्यांच्याआधी आपण गरम खायचं? तिच्या आईनं कधी खाल्लं नव्हतं, आजीनं खाल्लं नव्हतं. घास घशाखाली उतरतच नव्हता. ती आपली भाकरी पुरुषांच्या ताटात सरकवायची आणि सगळ्यांचं झाल्यावर भांडं खरवडून खायची, अगदी पूर्वीसारखीच. चाळीस दिवस तिला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. ती आपल्या पायानं चालत जाऊन उपाशी बसली होती.

ठकूचा संताप उतरला. तिनं पुतळाबाईकडं बघितलं. "तुम्ही सांगा हिला. तुमचं ऐकंल."

"मी काय सांगू?" पुतळाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मी तरी कवा खाल्लं? पाच झाली मला. एक शिदोजी तेवढा राह्यला." ती भिंतीला टेकली. त्या चार लेकरांचं नाव तिनं तीस वर्षांत काढलं नव्हतं.

मग ठकू म्हणाली, "चूल पेटवा. पहिल्या दोन भाकरी काढा. एक तिची, एक तुमची. दोघी एकदम बसा. सासू जेवती म्हटल्यावर सुनेला पाप लागणार न्हाई."

असं म्हणतात, थोरले चौगुले शेतावरून आले तेव्हा घरातल्या दोन्ही बायका चुलीपुढं जेवत होत्या. ते काही बोलणार, तोच त्यांना दिसलं की पुतळाबाई भाकरीचा तुकडा तोंडाशी धरून रडते आहे.

"काय झालं?"

"गरम हाय हो," ती म्हणाली. "तीस वर्सं मीच थापते. गरम असती हे म्हाईतच नव्हतं."

चौगुले परत अंगणात गेले आणि पोटात भूक घेऊन गुपचूप बसून राहिले. ठकूनं जाहीर केलं, मागचे चाळीस दिवस गेले, आज पहिला दिवस.

मार्गशीर्ष गेला, पौष गेला, माघ गेला. साळूच्या ओठांवर रंग आला. मनगटातल्या सैल बांगड्या घट्ट झाल्या. शिदोजीचा तंबाखूचा खोकला गेला आणि तो एका दमात एकशेवीस पायऱ्या चढू लागला. सासूसून जेवताना हसू लागल्या. कशाला हसतात ते पुरुषांना कळेना, आणि न कळल्यामुळं ते जरा नीट वागू लागले.

शंभराव्या दिवशी पहाटे साळू दळायला बसली. तिनं पायलीभर नाचणी घेतली. जातं फिरलं आणि थांबलंच नाही. पायली संपली. शेजारीण आपली पायली घेऊन आली, मग तिची शेजारीण आली, मग सगळी आळी सुपं घेऊन आली. असं म्हणतात, सूर्य कासराभर वर आला तरी जातं घुमत होतं आणि पीठ ओट्यावरून पायऱ्यापायऱ्यांनी ओढ्यापर्यंत गेलं, म्हणून त्या दिवशी ओढ्याचं पाणी ताकासारखं दिसलं. असंही म्हणतात, की शेवटी साळूनं खुंटा सोडला तरी जातं आपलं आपण सात फेरे फिरलं.

दारात बसलेल्या ठकूनं ते ऐकलं. साळू पिठानं माखलेल्या हातांनी तिच्याकडं पळत आली.

"माय, आता इचारा."

"तुला मूल हवंय का?"

"हवंय."

अक्षय्य तृतीयेला चौगुल्यांकडं दुसरी नवरी आली नाही. त्या दिवशी साळूला आंबट खावंसं वाटत होतं, आणि शिदोजी कैऱ्यांसाठी झाडावर चढला होता. मार्गशीर्षात तिचे दिवस भरले. या वेळी ठकूला बोलवायला कुणाला धावावं लागलं नाही. ती आधीपासून घरातच होती.

मुलगी झाली. खोलीबाहेर क्षणभर सगळे गप्प झाले, ते मुलगी झाली म्हणून नव्हे. सगळे रडण्याची वाट बघत होते. आणि ती रडली. असं म्हणतात, त्या रडण्यानं उंबरावरची पाखरं उडाली आणि सात शेतांपलीकडच्या गुराख्यानं ते ऐकून हातातली काठी टाकली. साळूही सुखरूप होती. पुतळाबाईनं नातीला पदरात घेतलं आणि पहिल्यांदा नीट हाक मारली, "ठकूमाय, वर या. ओट्यावर न्हवं, आत. पहिली भाकरी आज तुमची."

त्यानंतर हिवरओढ्याच्या प्रत्येक घरानं ठकूमायला आधी बोलावलं. ती किती वर्षं जगली हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. असं म्हणतात, एका पहाटे ती दारात डोळे मिटून बसली होती, गावातली सगळी जाती एका लयीत घुमत होती, एकही थांबत नव्हतं. तेवढं ऐकून ती तशीच बसल्या जागी गेली. गावानं तिचं जातं उंबराखाली नेऊन ठेवलं.

ते अजून तिथं आहे. आता गावात पिठाची गिरणी आहे, घरात नळ आहे. तरी कुठल्या घरात मुलाचा विचार सुरू झाला, की नवराबायको त्या जात्यापाशी येतात. घरातली थोरली बाई सुनेला तीनदा विचारते, "तुला हवंय का?" नको म्हणाली, तर सगळे जण जात्यापुढं नारळ फोडून घरी जातात आणि पुन्हा ती स्वतः म्हणेपर्यंत कुणी विषय काढत नाही. हवंय म्हणाली, तर ती जात्याचे पाच फेरे फिरवते आणि शंभर दिवस सुरू होतात. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाई त्या दिवशी येतात, दोघांचं रक्त तपासायला नेतात आणि तिला फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. नवरा दारू, तंबाखू सोडतो आणि नळ असला तरी रोज एक हंडा ओढ्यावरून डोक्यावर आणतो. चुंबळ आपल्याच टॉवेलची करायची, असा नेम आहे. पायऱ्यांवरची माणसं अजून चेष्टा करतात, "चुंबळ इसरला का?" तोही हसतो, कारण विचारणाऱ्यानंही कधीतरी तो हंडा वाहिलेला असतो.

आणि संध्याकाळी त्या घरात चुलीवरून म्हणा की गॅसवरून, पहिल्या दोन भाकरी उतरतात. सासूसून शेजारी बसतात. बाकीचं घर भुकेलं बसून राहतं, त्या दोघी "पोट भरलं" म्हणेपर्यंत.