पहिला टोला

एका राज्यात चाळीस भट्ट्या होत्या आणि त्यांतल्या एकोणचाळीस विझलेल्या होत्या. चाळिसावीही विझली असती तर मी तरी काय सांगणार होतो? पण ती विझली नाही. कशी नाही, ते ऐका.

राज्य समुद्राकाठचं. त्यातली ओतारआळी म्हणजे घंटा ओतणाऱ्यांची वस्ती. काशाची घंटा ओतावी तर त्यांनीच! टोला पडला की तीन डोंगरांपलीकडे चरणारी गुरं माना वर करायची. पण त्या घंटांना एक शाप होता. राज्याची हद्द ओलांडली, हिरवं पाणी संपून काळं पाणी लागलं, की त्या मुक्या व्हायच्या. भोपळ्यावर थाप मारावी तेवढाच आवाज. शाप कुणाचा, कशाचा, हे सगळे विसरून गेले होते. बाहेर घंटा विकता येईना, आणि राज्यातल्या देवळांना तर कधीच देऊन झालेल्या. त्यात या आळीची घंटा दोनशे वर्षं फुटत नाही. मग नवी घेणार कोण, कपाळ? एकेक घर उठलं. भात्यांना कोळिष्टकं लागली. जन्मभर तापलेला रस ओतणारे हात मिठागरात मीठ ओढू लागले.

चाळिसावी भट्टी भिवरा ओतारणीची. मनगटं जाड, बोलणं तिखट. आळीत लोक म्हणायचे, भिवराची घंटा ऐकू आली नाही तर भिवरा ऐकू येते.

एके दिवशी समुद्रापलीकडून सांगावा आला. धुक्याच्या बेटाची राणी नीहारा म्हणत होती, "माझ्या बेटाभोवती बारा खडक आहेत. धुक्यात दिसत नाहीत, गलबतं आपटतात, माणसं बुडतात. मला बारा घंटा हव्यात. ज्या राज्याची वानगीची घंटा धुक्यातून ऐकू येईल, त्याला काम मिळेल. मार्गशीर्ष लागण्याआधी या."

भिवराने ऐकलं आणि हातातला चिमटा खाली ठेवला. बारा घंटा, त्याही माणसाहून उंच. एका भट्टीचं हे काम नव्हे. चाळीसच्या चाळीस पेटवाव्या लागतील. मिठागरातली माणसं घरी येतील. "शापाचं काय ते वाटेत बघू, पण हे काम मी आणणार," ती म्हणाली, आणि तडक राजवाड्यावर गेली.

राजा सोमकेतू मनाचा चांगला होता. हात सढळ, बोलणं गोड. एकच गोष्ट त्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. सगळं द्यायचं, पण कशात अडकायचं नाही.

"बाई, परदेशी व्यापाराला आमचं पूर्ण पाठबळ आहे!" राजा म्हणाला. दरबाराने टाळ्या वाजवल्या. भिवराला शाल मिळाली, सोन्याच्या शाईतलं शिफारसपत्र मिळालं, आणि एक गलबत मिळालं खलाशांसकट.

"महाराज, आणखी एक," भिवरा म्हणाली. "वानगीची घंटा ओतते आहे, तिला पहिला टोला द्यायला या."

आता ही चाल समजून घ्या, पुढे लागणार आहे. ओतारआळीत नव्या घंटेला पहिला टोला वाटेल त्याने द्यायचा नसतो. जो देतो तो तिच्या पाठीशी उभा राहिला, असं मानतात. उद्या फुटली तर मी निस्तरतो, हा त्या टोल्याचा अर्थ. पण प्रधान गुणशेखरांना वाटलं, हा काहीतरी मानपान आहे. त्यांनी राजाच्या वतीने एक भालदार पाठवला, सोन्याची काठी देऊन. सोन्याला चरा पडू नये म्हणून काठीला मखमल गुंडाळली होती.

भालदाराने काठी उगारली. धप्प! भिवराने ओठ चावला आणि घंटा गलबतावर चढवली.

हिरवं पाणी संपलं. काळं पाणी लागलं. भिवराने घंटेवर हातोडा हाणला. थप्. पुन्हा हाणला. थप्. तिसऱ्यांदा असा हाणला की डोलकाठी हलली. थप्.

"हात दुखवू नकोस," डोलकाठीवरून आवाज आला. "अडीचशे वर्षं मी हेच बघतोय."

वर एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता.

"तू बोलतोस?" भिवराने विचारलं.

"थांबता येत नाही, हीच तर रड आहे!" पाणकावळा म्हणाला. "मी या राज्याचा राजदूत होतो, बाई. तुझ्याच आळीचा नागोजी ओतारी घंटा घेऊन त्या बेटावर आला होता. तिथला कायदा जुना आहे. घंटेला जामीन लागतो, आणि जामीन राजाच लागतो. घंटा फुटली तर नवी येईपर्यंत जामिनाने खडकावर उभं राहायचं, आणि घंटेच्या जागी स्वतः ओरडायचं. दिवसरात्र. नागोजीने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाला, हे आमच्या राजाचे दूत, हे बोलतील. आणि मी छताकडे बघत राहिलो."

"का?"

"निघताना राजाने कानात सांगितलं होतं. विचारलं तर ओळख दाखवू नकोस. नागोजी परत फिरला. इथे, या पाण्यात, त्याने घंटा लोटली आणि म्हणाला, 'माझ्यासाठी तोंड उघडलं नाहीत ना? मग या राज्याची घंटा हद्दीबाहेर तोंड उघडणार नाही. आणि तू, दूता, आता बडबडतच राहा.' त्याचा आवाज घंटेबरोबर बुडाला आणि मला पंख फुटले."

भिवराने हातोडा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "उतारा सांग."

"कामं तीन. नागोजीची घंटा वर काढायची. ती वितळवून तिच्या काशातून नवी घंटा ओतायची. आणि बेटावर, राणीसमोर, राजाने जामीन राहून स्वतःच्या हाताने पहिला टोला द्यायचा. पहिली दोन तुझी आहेत. तिसरं तुझ्या हातात नाही."

"बघू," भिवरा म्हणाली आणि कमरेला दोर बांधला.

समुद्राच्या तळाशी घंटा होती, आणि तिच्यावर बैलगाडीएवढं मोठं कासव बसलं होतं.

"हिला हात लावील त्याचा आवाज इथे राहतो," कासव म्हणालं. "शाप सुटला तर परत मिळतो. नाही सुटला तर नाही. विचार कर."

"केला," भिवरा म्हणाली. "माझ्या आळीत ऐकायला माणूस उरणार नसेल, तर आवाज ठेवून काय त्याचं लोणचं घालू?"

कासव सरकलं आणि तिने घंटेला मिठी मारली. ती वर आली तेव्हा घंटा दोराला होती आणि भिवराच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. खलाशांनी काय झालं ते विचारलं. तिने फक्त घराकडे हात केला.

पाणकावळा आळीभर सगळं सांगत सुटला आणि मिठागरातून माणसं धावत आली. प्रत्येकाने घरातलं फुटकं काशाचं भांडं आणलं, कुणी वाटी, कुणी कानतुटकं ताट. मोठी घंटा म्हणजे सगळ्या आळीची, असा त्यांचा रिवाज. नागोजीची घंटा घणाने फोडून मुशीत घातली. भाते फुसफुसू लागले. रस ओतताना कुणी बोलायचं नसतं, तेव्हा त्या दिवशी सगळी आळीच भिवरासारखी मुकी झाली. फक्त पाणकावळा बोलत होता. त्याच्यावर कुणीतरी टोपली उपडी घातली.

दुसरं काम झालं. आता तिसरं.

भिवरा हातोडा घेऊन दरबारात गेली आणि तो राजाच्या पायाशी ठेवला. तोंडाने सांगता येईना. पाणकावळ्याने सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं, अधूनमधून आपल्या राजदूतपणाच्या आठवणीही सांगितल्या. प्रधान हसू लागले.

"महाराजांनी परक्या खडकावर उभं राहून ओरडायचं? छे छे! शोभतं का? बाईंना आणखी एक शाल द्या."

भिवराने शाल घेतली नाही. हातोडा उचलून ती दरबाराच्या दारात गेली, तो पायाशी ठेवला आणि उभी राहिली. उन्हात उभी, हातोड्याकडे बोट करून.

दुसऱ्या दिवशी राजाने आपली मुद्रा पाठवली. "ही ने. माझ्या नावाला बेटावर मान आहे." भिवराने मुद्रा भालदाराच्या तळहातावर परत ठेवली आणि हातोड्याकडे बोट केलं.

तिसऱ्या दिवशी राजाने प्रधानांनाच पाठवलं. "चला बाई, मी येतो महाराजांच्या वतीने." भिवराने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. मग हातोडा उचलून त्यांच्या हातात दिला. प्रधानांच्या हातून तो पायावर पडला, आणि ते लंगडत परत गेले.

तेव्हा राजा स्वतः बाहेर आला. भिवराचे ओठ उन्हाने फुटले होते. मार्गशीर्ष लागायला आठ दिवस उरले होते. ती भांडली असती तर राजाला सोपं होतं. त्याने पाणकावळ्याला विचारलं, "माझ्या पूर्वजाने तुला नेमकं काय सांगितलं होतं? शब्द सांग."

"'विचारलं तर ओळख दाखवू नकोस. पाहू म्हण,'" पाणकावळा म्हणाला.

राजाचा चेहरा उतरला. त्या दिवशी सकाळी प्रधानांना निरोप देताना तो हेच म्हणाला होता. शब्दन् शब्द हाच. तो खाली वाकला. हातोडा जड होता, पहिल्या खेपेला उचलला गेला नाही. दुसऱ्या खेपेला उचलला.

"गलबत तयार करा," तो म्हणाला. "मी जातो."

बेटावर धुकं इतकं की आपला हात आपल्याला दिसू नये. राणी नीहाराच्या किनाऱ्यावर भरलेल्या दरबारात सात राज्यांचे व्यापारी वानग्या घेऊन उभे होते. कुणाची घंटा दहा पावलांवर विरली, कुणाची वीस. भिवरा पुढे झाली.

"वानगी कुणाची?" राणीने विचारलं. "बोलत का नाहीस?"

भिवराने राजाकडे पाहिलं. पाणकावळाही त्याच्याकडे बघत होता, आणि काय सांगू, अडीचशे वर्षांत पहिल्यांदाच तो गप्प होता.

"बाई माझ्या राज्याची आहे," राजा म्हणाला. "मी हिला ओळखतो. हिचं नाव भिवरा ओतारीण."

"घंटा फुटली तर जामीन कोण?"

 मागून, लंगडत सोबत आलेले प्रधान खोकले. "महाराज, 'पाहू' म्हणा," ते पुटपुटले. "नुसतं 'पाहू'."

धुकं क्षणभर विरळ झालं आणि राजाला पहिला खडक दिसला. काळा, ओला, माणूस जेमतेम उभा राहील एवढा. त्यावर लाटा फुटत होत्या. राजाने तो नीट बघून घेतला. त्याला भीती वाटली, आणि ती त्याने लपवली नाही.

"मी," तो म्हणाला. "सोमकेतू. फुटली तर त्या खडकावर मी उभा राहीन आणि मीच ओरडेन. दूत नाही, प्रधान नाही, मी."

त्याने दोन्ही हातांनी हातोडा उगारला आणि हाणला.

ठण्ण!

धुकं मधोमध फाटलं. दूर पाण्यात वाट चुकलेल्या तीन गलबतांनी आपली तोंडं वळवली. समुद्राच्या तळाशी कासवाने कूस बदलली. पाणकावळा धाडकन खाली पडला, आणि उठला तो ओल्या दरबारी झग्यातला एक थकलेला म्हातारा. राजाच्या हाताला झिणझिण्या आल्या होत्या. आवाज थांबायचं नाव घेईना.

तो विरल्यावर राणी म्हणाली, "काम तुमचं."

राजा भिवराजवळ सरकला. कपाळावर घाम होता. "बाई, खरं सांग," तो हळूच म्हणाला. "फुटणार नाही ना?"

भिवराने घसा खाकरला. आवाज आला, खरखरीत, पण तिचाच.

"फुटणार नाही, महाराज. आणि फुटलीच, तर तुम्हांला एकट्याला नाही ओरडू देणार. मी येते शेजारी. माझा आवाज तुमच्यापेक्षा मोठा आहे."

राजा हसला, मग डोळे पुसू लागला. भिवराने त्याच्या हातून हातोडा काढून घेतला, कारण तो तिचा होता.

चाळीस भट्ट्या पेटल्या. मिठागरातले हात रसाकडे परतले. बारा घंटा ओतल्या गेल्या, आणि प्रत्येकीला पहिला टोला द्यायला राजा ओतारआळीत पायी आला. बाराव्या घंटेपर्यंत त्याच्या तळहाताला घट्टा पडला होता. म्हातारा राजदूत आळीतच राहिला. तो फारसं बोलत नाही, पण कुणी ओतारी परदेशी निघाला की बंदरापर्यंत सोबत जातो आणि त्याचं नाव, गाव, काम सगळं घोकून ठेवतो. सोन्याची काठी कुठे आहे, हे प्रधानांना विचारा.

आणि अजूनही धुक्याचे दिवस आले की सोमकेतू राजा रोज सकाळी किनाऱ्यावर येऊन उभा राहतो. समुद्राकडे कान देतो. एक, दोन, तीन करत बारा घंटा मोजतो. बारा भरल्या की न्याहारीला जातो.