पाखराला पिसं फुटतात तेव्हा

फार लांब, इराणच्या वाळवंटाच्या काठी एक गाव होतं. गावाला राजा होता, पण आपल्याला काम आहे ते तिथल्या कुंभाराशी. त्याचं नाव इलियास. हातात मोठी कला, बरं का, पण मन भित्रं. काहीही केलं की त्याला लगेच वाटायचं, बिघडलं असणार.

एकदा काय झालं, राजाच्या मुलीचं, गुलरुखचं, सोनेरी पाखरू उडून गेलं. मग तिनं जेवणच सोडलं. पाखरू परत येईल तेव्हाच जेवीन, म्हणाली. पोर वाळत चालली. हकीम थकले. मग राजानं इलियासला बोलावलं आणि सांगितलं, की वाडग्याच्या तळाशी असं पाखरू काढ, की तिला ते परत आल्यासारखं वाटेल.

आता हे सोनेरी काम करतात कसं? वाडगा आधी भाजायचा. मग पांढरी झिलई देऊन पुन्हा भाजायचा. मग चांदीची आणि तांब्याची पूड कालवून त्या रंगानं चित्र काढायचं आणि वाडगा तिसऱ्यांदा भट्टीत ठेवायचा. या वेळी भट्टीचं तोंड विटेनं बंद. आत नुसता धूर कोंडायचा. त्या धुरातच चित्राला सोन्याचा रंग चढतो. मधेच वीट काढली, वारा आत गेला, की संपलं.

चांदीसाठी इलियासच्या बायकोनं, सकीनानं, डाव्या पायातलं पैंजण काढून दिलं. वाडगा तिसऱ्यांदा भट्टीत गेला. जरा वेळ गेला आणि इलियासला राहवेना. त्यानं वीट काढून आत डोकावलं. तर आतून बारीक आवाज आला, "पिसं फुटताना बघू नये." दचकून त्यानं वीट परत लावली. पण वाडगा निघाला तो पांढराच, वर नुसता मातकट डाग.

मग उजव्या पायातलं पैंजण गेलं. या खेपेला इलियास दुपारपर्यंत थांबला. मग त्याला वाटलं, बोटभर फटीनं काय होतंय? पुन्हा तोच आवाज, पुन्हा तोच डाग. तिकडे गुलरुखला आता उठून बसवेना.

तिसऱ्या खेपेला सकीनानं लग्नातली अंगठी दिली. म्हणाली, "अहो, आता घरात चांदी उरली नाही."

इलियास म्हणाला, "माझे हात बांध."

तिनं ओढणीनं त्याचे हात बांधले, त्याला भट्टीकडे पाठ करून बसवलं आणि म्हणाली, "दात मोकळे आहेत. त्यांनी वीट ओढू नका म्हणजे झालं."

बसला बिचारा. मग आत काहीतरी टकटकलं. मग फडफडलं. त्याला वाटलं, वाडगा फुटला. मान वळायला लागली, पण त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. मनाशी म्हणाला, बघून तरी मी काय करणार आहे? धुराला त्याचं काम करू दे.

भट्टी निवली. सकीनानं त्याचे हात सोडले आणि वीट काढली. वाडगा काळा ठिक्कर. इलियासचा चेहराही तसाच. सकीनानं त्याच्या तळहातावर ओली राख ठेवली. मग तो अंगठ्यानं वाडगा घासू लागला. आधी एक डोळा चमकला. मग चोच. मग सगळं पाखरू, सोन्यासारखं.

राजवाड्यात त्या वाडग्यात दूध ओतलं आणि गुलरुखला सांगितलं, की तुझं पाखरू खाली बसलंय. ती एक घोट प्यायली, तशी चोच दिसली. आणखी एक, तसे पंख दिसले. तळ लागला, तेव्हा पाखरानं पंख झटकले, अगदी एकदाच. गुलरुख हसली आणि म्हणाली, "अजून दूध."

मग काय, गुलरुख बरी झाली. राजानं सकीनाला नवी पैंजणं दिली. इलियास पुढेही घाबरायचाच, पण भट्टी लावली की स्वतःच ओढणी आणून द्यायचा. सगळे सुखानं राहिले.

आता मिटा डोळे. झोप येताना बघायचं नसतं. कोण ते, कोण डोकावतंय? वीट लावा पाहू.